श्रावणातला गोवा : पेडण्यापासून वास्कोच्या सप्ताहापर्यंत

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत श्रीदामोदराचा भजनी सप्ताह बसतो. तो पाहायची इच्छा फार जुनी होती, पण घर सोडणं जमत नव्हतं. सासरे अंथरुणाला खिळल्यापासून रात्रीचं उठणं, औषधांच्या वेळा आणि माझी नोकरी यांतून जो वेळ उरेल तो योगाभ्यासाचा. कधी पहाटे अर्धा तास, कधी दुपारी दहा मिनिटं, कधी काहीच नाही. पतंजलींचं सूत्र मात्र स्वच्छ आहे : ‘स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः’. अभ्यास पक्का व्हायचा तर तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने व्हायला हवा. यातलं ‘नैरन्तर्य’ माझ्यासारख्या बाईने आणायचं कुठून, हा प्रश्न घेऊनच मी निघाले. दीर आणि जाऊबाई येऊन राहिले, म्हणून निघता आलं.

शनिवार : आंबोली, बांदा, पेडणे

कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गेलो. घाटात धुकं इतकं दाट होतं की चालकाने दिवे लावून गाडी अगदी सावकाश उतरवली. सावंतवाडी सोडल्यावर पाऊस थांबला आणि इन्सुलीपाशी लख्ख ऊन पडलं.

हा रस्ता सोहिरोबानाथ आंबिये यांचा. १७१४ साली गोव्यातल्या डिचोलीत जन्मलेले हे नाथपंथी संतकवी बांद्याला कुलकर्णीपद सांभाळत होते. राजाच्या बोलावण्यावरून सावंतवाडीला जाताना इन्सुलीजवळ ते फणस खायला बसले, तिथे एका नाथाने त्यांच्याकडे वाटा मागितला, आणि त्या भेटीत त्यांना उपदेश मिळाला अशी आख्यायिका आहे. तो नाथ म्हणजे गहिनीनाथ, असं परंपरा मानते. मला या कथेतलं हे फार आवडतं की उपदेश कचेरीच्या वाटेवर, भूक लागलेली असताना झाला. त्यासाठी कुणी गुहा शोधायला गेलं नव्हतं. ‘अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे’ हे त्यांचं पद पंडित जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पेडणे तालुक्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज सोहिरोबानाथांचं नाव आहे.

मावशीचं घर पेडण्याच्या पुढे, शेतांच्या कडेला. लावणी झालेली होती, सगळीकडे एकच कोवळा हिरवा रंग. श्रावण असल्यामुळे घरात मासळी बंद. रात्री उकड्या तांदळाचा भात, अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रसभाजी), टाकळ्याची भाजी आणि सोलकढी. टाकळ्याला इथे तायकिळो म्हणतात. कोवळ्या पानांची ही भाजी पावसाळ्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच खावी. मावशीने शेवटचा कोवळा पाला माझ्यासाठी राखून ठेवला होता.

रविवार : मांद्रे

मांद्रे, हरमल, आश्वे ही नावं योगाच्या संदर्भात जगभर पोचली आहेत. ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथे माडांखाली लाकडी फळ्यांच्या आणि झावळ्यांच्या कितीतरी योगशाळा उभ्या राहतात. पावसाळ्यात त्यातल्या बहुतेक उतरवलेल्या असतात. तुम्हाला तशा शिबिरासाठी जायचं असेल तर जून ते सप्टेंबर टाळा, निदान आधी फोन करून खात्री करून घ्या. आणि या दिवसांत समुद्रात उतरू नका. किनारा रिकामा आणि सुंदर दिसतो, पण पाण्याची ओढ भयंकर असते. जीवरक्षकांचे लाल बावटे उगाच लावलेले नसतात.

मावशीच्या ओळखीची एक शिक्षिका मोसमात परदेशी पाहुण्यांना शिकवते आणि पावसाळ्यात गावातल्या बायकांचा वर्ग देवळाच्या सभामंडपात घेते. पैसे घेत नाही. पहाटे सहाला मावशी मला तिथे घेऊन गेली. दहा-बारा जणी होत्या, बहुतेकींचे हात लावणीने सुजलेले. कुणी साडीवर, कुणी सलवार-कमीजवर. चटया प्रत्येकीच्या घरच्या.

मला वाटलं होतं, पवनमुक्तासनापासून सुरुवात होईल. तिने आधी सगळ्यांना नुसतं बसवलं. ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांना भिंतीशी पाय पसरून, एका आजींना खुर्चीवर. मग म्हणाली, “आता बसायला जे काय जोर लावताय, तो थोडा थोडा सोडून द्या.” बराच वेळ तेवढंच. माझ्याजवळ येऊन तिने खांद्यावर हात ठेवला, “ताई, जबडा सोडा. बसायला जबडा लागत नाही.”

योगसूत्रांच्या १९५ सूत्रांत (काही प्रतींत १९६) आसनावर फक्त तीन सूत्रं आहेत. पहिलं सर्वांना पाठ असतं : ‘स्थिरसुखमासनम्’. दुसऱ्यात ते साधायचं कसं ते आहे : ‘प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्’. प्रयत्न सैल करून आणि चित्त अनंतात लावून. मी हे सूत्र कितीदा वाचलं असेल, पण त्या सभामंडपात, बाहेर पागोळ्या गळत असताना, लावणी करून आलेल्या बायकांच्या पाठी हळूहळू ताठ आणि तरी मोकळ्या होताना पाहिल्या तेव्हा ते शरीराला कळलं. जोर लावून बसलेलं शरीर सतत स्वतःकडेच पाहत राहतं. जोर सुटला की लक्ष मोकळं होतं.

वर्ग संपल्यावर मी तिला माझा प्रश्न विचारला. खंड पडतो, त्याचं काय करायचं? ती म्हणाली, “मोसमात माझ्याकडे लोक महिनाभर रोज चार तास करतात, मग विमानात बसतात. ह्या बायका आठवड्यातून तीनदा येतात, पण गेली कितीतरी वर्षं येतायत. तुम्हीच सांगा कुणाचा खंड मोठा.” मग तिने छत्री उघडली आणि निघाली, कारण श्रावणातला पहिला आयतार, म्हणजे रविवार, होता आणि तिच्या घरी आदित्यपूजन होतं.

मावशीकडेही होतं. गोव्यात श्रावणातल्या रविवारी बायका सूर्याची पूजा करतात, रानातली पत्री, म्हणजे पूजेची पानं, गोळा करून. सकाळी मी तिच्याबरोबर पत्री आणायला कुंपणाच्या मागच्या टेकाडावर गेले. प्रत्येक पानाचं नाव तिला माहीत, आणि ते तोडताना ती कधी घाई करत नव्हती. सूत्रातला ‘सत्कार’ असाच असावा. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात तो तप, ब्रह्मचर्य, विद्या आणि श्रद्धा यांनी युक्त सांगितला आहे. मावशीला भाष्य माहीत नाही, पण श्रद्धेने केलेली गोष्ट कशी दिसते ते तिच्या हातांकडे पाहून कळतं.

सोमवार : मंगेशी आणि कवळे

पहिला श्रावणी सोमवार, त्यामुळे मंगेशीला गर्दी असणारच होती. पेडण्याहून पणजी आणि तिथून फोंड्याच्या बसने मंगेशीच्या फाट्यावर उतरलो. गर्दीच्या दिवशी स्वतःची गाडी नेली तर ती लांब लावावी लागते, बस बरी. देवळात पोशाखाचे नियम आहेत, हाफपँट आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत.

मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० मध्ये भक्तांनी लिंग जुवारी नदीपलीकडे प्रियोळला आणलं. कवळ्याची शांतादुर्गा तशीच केळशीहून आलेली. आज आपण ज्या देवळांसमोर फोटो काढतो ती एका तुटलेल्या परंपरेची पुन्हा बांधलेली घरं आहेत. जागा सुटली, देऊळ गेलं, पूजा मात्र सुरू राहिली. खंड कशाला म्हणायचं, हे मला तिथल्या दीपमाळेखाली उभं राहून नव्याने विचारावंसं वाटलं.

दुपारचं जेवण एका ओळखीच्या भटजींच्या घरी. उपवास असल्यामुळे त्यांनी मला वेगळं वाढलं, पण स्वयंपाकघरातून खतखत्याचा, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्शाचा, वास येत होता आणि तिरफळांचा तो वास विसरता येत नाही. ‘हठप्रदीपिका’ या हठयोगाच्या ग्रंथात मिताहाराची व्याख्या आहे : स्निग्ध, मधुर अन्न, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून, शिवाच्या प्रीतीसाठी खाल्लेलं. आहाराचं बोलताना आपण ‘चतुर्थांशविवर्जितः’ तेवढं लक्षात ठेवतो, ‘शिवसंप्रीत्यै’ विसरतो. भटजींच्या घरी पहिलं पान नैवेद्याचं निघालं, मग घरच्या आजारी काकांचं, मग आमचं. त्या क्रमात व्याख्येचा उत्तरार्ध होता.

दुपारनंतर कवळ्याला. शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं, शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. शिव आणि विष्णू यांच्यातलं युद्ध देवीने मध्ये उभं राहून शांत केलं, ही तिची कथा. तिच्या दोन हातांत दोन साप असतात, एक शिवाचा, एक विष्णूचा. ती कुणाही एकाला मारत नाही, दोघांना धरून ठेवते. ध्यानाला बसल्यावर मनात दोन परस्परविरोधी ओढी भांडत असतात तेव्हा मला ही मूर्ती आठवावी, असं मी तिथे ठरवलं.

देवळापासून जवळच कवळे मठ आहे, म्हणजे श्रीगौडपादाचार्य मठ. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू गौडपाद यांच्या नावाचा हा गौड सारस्वतांचा स्मार्त मठ. गौडपादांची मांडूक्य उपनिषदावरची कारिका हा अद्वैताचा पायाभूत ग्रंथ. त्याच्या अद्वैतप्रकरणात मनाच्या निग्रहाविषयी एक श्लोक आहे, आणि या प्रवासात मला जे मिळालं त्यातलं सर्वांत मोठं तो आहे :

‘उत्सेक उदधेर्यद्वत् कुशाग्रेणैकबिन्दुना ।
मनसो निग्रहस्तद्वद् भवेदपरिखेदतः ॥’

दर्भाच्या टोकाने एकेक थेंब उचलून समुद्र उपसावा, तसा मनाचा निग्रह खेद न करता होतो. हा श्लोक मी आधी वाचला होता, पण तेव्हा माझं लक्ष दर्भाच्या टोकावर, त्या अशक्य कष्टांवर होतं. मठाच्या ओसरीवर पावसात बसून तो पुन्हा म्हटला तेव्हा शेवटचा शब्द ऐकू आला. गौडपाद कष्ट कमी करा म्हणत नाहीत, जास्त करा असंही म्हणत नाहीत. खिन्न होऊ नका, एवढीच त्यांची अट आहे. माझा अभ्यास मोडत होता तो सासऱ्यांच्या आजारपणाने कमी आणि प्रत्येक चुकलेल्या पहाटेच्या विषादाने जास्त. पतंजलींनीही विक्षेपांबरोबर येणाऱ्या गोष्टींत दुःख आणि दौर्मनस्य स्पष्ट सांगितलं आहे.

थोडं पुढे गौडपाद आणखी व्यवहाराचं सांगतात : ‘लये संबोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः’. चित्त झोपेकडे जाऊ लागलं तर जागं करा, विखुरलं तर शांत करा. रात्री दोनदा उठलेल्या माणसाचं चित्त पहाटे लयाकडेच जाणार. त्याला त्या दिवशी डोळे मिटून बसण्यापेक्षा उभं राहून सूर्यनमस्कार, किंवा मोठ्याने स्तोत्र. ज्या दिवशी कचेरीतल्या भांडणाने डोकं तापलेलं असेल त्या दिवशी नुसता लांब श्वास सोडणं. रोज एकच क्रम करायचा हट्ट धरू नये. ‘हठप्रदीपिके’तही योग नष्ट करणाऱ्या सहा गोष्टींत ‘नियमाग्रह’, म्हणजे नियमांचा हट्ट, आहेच.

मठ शांत जागा आहे. गेलात तर आवाज खाली ठेवा, आणि फोटो विचारून काढा.

मंगळवार : पणजी, नागपंचमी

सकाळी मावशीच्या धाकट्या सुनेकडे पणजीत पातोळ्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, त्यावर गूळ-खोबऱ्याचं चूण, पान मिटायचं आणि वाफवायचं. पान उलगडताना जो वास येतो त्याच्यासाठी श्रावणात गोव्याला यावं. हॉटेलांत त्या क्वचित मिळतात. कुणाच्या घरी बोलावणं आलं तर नाही म्हणू नका.

पावसाची उघडीप मिळाली म्हणून जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा पाहून आले. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले हे गोंयकार पाद्री पॅरिसमध्ये संमोहनावर प्रयोग करत. पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, १९४५ चा. फारियांच्या काळी लोक मानत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव समोरच्यात जातो. फारियांनी सांगितलं की तसं काही जात नाही, जे घडतं त्याचं मूळ त्या माणसाच्या स्वतःच्या मनात असतं. धारणेचा, म्हणजे चित्त एका जागी बांधण्याचा, अभ्यास करणाऱ्याने या माणसासमोर थोडा वेळ उभं राहावं असं मला वाटतं. तरुणपणी मोठ्या सभेपुढे प्रवचनाला उभे असताना ते गोठले, तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, ही सगळी भाजी आहे, काप ती भाजी. आणि त्यांची वाचा मोकळी झाली, असं सांगतात. समोरची माणसं तीच होती, पाहणाऱ्याची दृष्टी बदलली.

बुधवार, गुरुवार : वास्को

पणजीहून वास्कोला बस सतत असतात. सप्ताहाच्या दिवशी शहरातले रस्ते वळवलेले असतात आणि जत्रेची दुकानं पुढे आठवडाभर राहतात. राहण्याची सोय आधी करा किंवा पणजीत राहून ये-जा करा. माझी खोली आधी ठरवूनही ऐन वेळी दुसऱ्याला दिलेली निघाली. शेवटी वर्गातल्या शिक्षिकेच्या मावसभावाच्या घरी जागा मिळाली, आणि त्यामुळे सप्ताह आतून पाहायला मिळाला. ते काका बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, पखवाज वाजवणारे.

सप्ताहाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. वास्कोत साथीचा रोग पसरला तेव्हा लोकांनी दक्षिण गोव्यातल्या झांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून प्रसादाचा नारळ आणला आणि अखंड भजन केलं, अशी त्याची हकीकत. नाव सप्ताह असलं तरी अखंड भजन चोवीस तासांचं. दुपारी देवापुढे श्रीफळ ठेवलं जातं आणि भजन सुरू होतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारीच थांबतं. रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघतात, दिव्यांनी सजवलेले, आणि गायनाच्या बैठका होतात. मी शास्त्रीय गाणं फार जाणत नाही, पण मध्यरात्रीनंतर भर रस्त्यात, पावसात छत्र्या धरून माणसं नाट्यगीताला दाद देताना मी पहिल्यांदा पाहिली.

मला देवळातलं भजन जास्त ओढत होतं. पहाटे तीनला काकांच्या मंडळाची पाळी होती, त्यांच्याबरोबर गेले. आधीचं मंडळ गात होतं. त्यांचा शेवटचा अभंग सुरू झाला तसे काका पखवाजाशेजारी जाऊन बसले. एक गजर असा आला की जुना पखवाजी हात उचलतोय आणि काकांचा हात पडतोय, आणि ताल कुठेही सुटला नाही. पेटी बदलली, टाळ एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आवाज बदलले. ऐकणाऱ्याने डोळे मिटलेले असते तर त्याला कळलंही नसतं.

पाळी संपल्यावर चहा घेताना मी काकांना म्हटलं की अभ्यासाला नैरंतर्य लागतं असं सूत्र आहे, आणि ते मला एकटीला जमत नाही. काका जरा वेळाने म्हणाले, “चोवीस तास एकट्यानं कोण गाणार बाई? गळाच राहणार नाही. पाळी नीट लावायची. आणि पुढचा येऊन बसल्याशिवाय आपण उठायचं नाही. इतकंच.”

यावर मी खूप विचार केला आहे, आणि माझं मत असं आहे. ‘हठप्रदीपिके’त जनसंगाचा, म्हणजे लोकांच्या सहवासाचा, त्याग सांगितलाय, आणि मठिकेत, म्हणजे एकांतातल्या झोपडीत, राहणाऱ्या साधकासाठी ते योग्यच आहे. पण संसारी माणूस जनसंग टाकू शकत नाही, त्याने तो टाकूही नये. त्याने जनसंगाची रचना करावी. घरात कुणाची पहाट मोकळी, कुणाची संध्याकाळ, आजारी माणसाजवळ कोण, हे ठरलेलं असेल तर त्या घरात अभ्यास अखंड राहतो, मग तो आज माझ्या अंगात असो की दुसऱ्याच्या. जी पहाट मी सासऱ्यांजवळ बसले तीही चुकलेली पहाट नव्हती. त्या वेळी ताल दुसऱ्याच्या हातात असायला हवा होता, आणि तो कुणाच्या हातात द्यायचा हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं.

गुरुवारी दुपारी भजनाची सांगता झाली, गोपाळकाला झाला. दह्यापोह्यांचा तो प्रसाद, भर पावसात, हजारो माणसांत, मी काकूंच्या पदराखाली उभी राहून खाल्ला. काकांनी फाल्गुनात झांबावलीच्या गुलालाच्या उत्सवाला यायचं आवतण दिलं आहे.

परतीच्या बसमध्येच जाऊबाईंना फोन लावला. आता घरी तक्ता आहे. सोमवार ते बुधवार पहाटे पाच ते सहा मी माझ्या आसनावर असते आणि सासऱ्यांजवळ नवरा बसतो. गुरुवार ते शनिवार तो फिरायला जातो आणि मी त्यांच्याजवळ असते. तिथे बसून त्यांच्या श्वासाबरोबर माझा श्वास सोडते, कधी सोहिरोबांचं पद म्हणते, त्यांना ते आवडतं. रविवारी दीर येतात. पुढच्या नागपंचमीला जाऊबाई वास्कोला जाणार आहेत, त्यांना भजनाची आवड माझ्यापेक्षा जुनी आहे. त्या आठवड्यात त्यांच्या वाट्याचं सगळं माझ्याकडे.